दिवसाची लाईन

आमच्या गावात सौरऊर्जा आली ती रानडुकरांमुळे. पॅरिसच्या कराराचा किंवा कुठल्या सरकारी धोरणाचा त्यात काही हात नव्हता. हरभऱ्यात रात्रीतून कळप शिरला की सकाळी वावर वखरल्यासारखे दिसत असे, आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, उभ्या तुरीचे शेंडे हाताने खुडावेत तसे खाऊन ठेवलेले असत. अशात तालुक्याच्या बाजारात झटका मशीन मिळू लागले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवलेल्या खांबावर परातीएवढी एक काळी प्लेट, तिच्याखाली डब्यात ठेवलेली बॅटरी आणि वावराभोवती फिरवलेली बारीक तार. तारेत थोड्या थोड्या वेळाने एक झटका सुटतो आणि डब्यातून टिक, टिक असा आवाज येत राहतो. झटका निमिषापुरताच असल्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. त्याआधी काही जण थेट लाईनचाच करंट तारेत सोडत. त्यात डुकरांबरोबर बैल गेले, माणसे गेली, आमच्या जिल्ह्यात वाघसुद्धा गेले. शेजाऱ्याने पहिले मशीन बसवले तेव्हा बाबा ते पाहून आले आणि मायला म्हणाले, "उन्हावर चालते म्हणते थे. एकदा पैसे देल्ले का झालं." पुढची काही वर्षे सौरऊर्जा म्हणजे डुकरे हाकलण्याचे साधन, एवढाच तिचा अर्थ आमच्या घरात होता.

आमचे गाव वरोरा-भद्रावती पट्ट्यातले. रात्री वावरात उभे राहिले की दक्षिणेला क्षितिजाशी तांबूस उजेड दिसतो. तो चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९८०च्या दशकात सुरू झालेले आणि आज २९२० मेगावॅट क्षमता असलेले हे राज्याच्या मालकीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र आहे. त्या उजेडाच्या अंगणातच म्हणावे असे आमचे वावर, आणि तिथे शेतीची लाईन आठवड्यातले तीन-चार दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री येत असे. गावात विजेला कुणी वीज म्हणत नाही. लाईन येते आणि लाईन जाते.

रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा एक-दीडला उठत. हातात बॅटरी आणि काठी, कानाला दुपट्टा. विहिरीपाशी पोचल्यावर स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी काठी फिरवायची, कारण हिवाळ्यात त्या उबेला साप येऊन बसतो. मग कधी लाईन असे पण एक फेज गेलेला असे, कधी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडालेला असे, आणि सगळे ठीक असले तर दांड फोडून एका वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत पहाटेपर्यंत चिखलात उभे राहायचे. मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच पुष्कळांनी बसवले होते, पण ऑटो मोटार चालू करतो, पाणी वळवत नाही. तुरीच्या ओळींत वाघ बसलेला असू शकतो, हे आमच्याकडे अतिशयोक्तीने सांगण्याचे वाक्य नाही. बाबा परत येईपर्यंत माय झोपत नसे. ती अंथरुणावर बसून राही, आणि आम्हां पोरांना वाटे की मायला झोपच कमी लागते.

पाणी रात्रीच का द्यावे लागते, हा प्रश्न मी कितीतरी वर्षे विचारलाच नाही. पाऊस पावसाळ्यात पडतो तशी शेतीची लाईन रात्री येते, असे मी धरून चाललो होतो. पुढे मी तालुक्याच्या शाळेत शिक्षक झालो, आणि वीज केंद्रात नोकरीला असलेल्या एका मित्राने एकदा चहावर मला हे गणित समजावून सांगितले. कोळशावरचा संच हा चुलीसारखा नसतो. काम झाले की लाकूड ओढून घ्यावे आणि लागले की पुन्हा फुंकर मारावी, असे त्याच्याबाबतीत चालत नाही. बॉयलर एकदा थंड झाला तर तो पुन्हा तापवून संच चालू करायला कितीतरी तास आणि भरपूर तेल लागते, म्हणून रात्री मागणी घटली तरी संच पूर्ण बंद करत नाहीत, फक्त मंद करतात. या मंद करण्यालाही मर्यादा असते. आपल्या देशातला सध्याचा नियम क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजे असा आहे. मग कारखाने आणि शहरे झोपल्यावर उरलेली वीज कुठे घालायची? ज्याच्याकडून तक्रार येण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच्या मोटारीत. बाबांच्या आयुष्यातल्या हजारभर जागरणांमागे बॉयलरचा हा स्वभाव होता, हे कळले त्या दिवशी मला चहा कडू लागला.

मित्राचे ऐकून मी घरी येऊन एक हिशेब केला. पाच हॉर्सपॉवरची मोटार आठ तास चालली तर सुमारे ३० युनिट वीज लागते, आणि आपल्याकडच्या केंद्रांत एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका रात्रीच्या ओलितामागे वीस किलो, दोन घमेली तरी कोळसा. वाटेतली गळती धरली तर थोडा जास्तच. तो कोळसा बहुधा आमच्याच जिल्ह्यातला असणार. जमिनीखालून निघून, जळून, तारेतून परत आमच्याच विहिरीवर आलेला. राखही आमच्याकडेच राहिली. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला ज्यांची वावरे आहेत त्यांचा कापूस झाडावरच काळपट होतो, आणि व्यापारी तो चिमटीत धरून भाव पाडतो.

तरीही कोळशाबद्दल मला सरळ राग धरता येत नाही, आणि त्याचे कारण मामा आहेत. मामांचे वावर खाणीत गेले आणि बदल्यात त्यांना खाणीत नोकरी लागली. आमच्या नात्यागोत्यात महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार येणारे ते पहिले घर. कामगारांना घरच्या वापरासाठी कोळसा मिळत असे. त्यातले पोतेभर मामा आमच्याकडे पाठवत, आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, धुरात डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या मायला सिगडीवर भाकरी टाकणे हा मोठा आराम वाटे. पुढे गॅस आला तेव्हा तर तिने पहिल्या दिवशी चूल शेणाने सारवून, तिच्यावर हळदकुंकू वाहून ठेवली. पऱ्हाट्या हे दरवर्षी नव्याने उगवणारे इंधन आणि सिलिंडरमधला गॅस जीवाश्म इंधन, असे मी शाळेत शिकवतो. मायच्या फुप्फुसांनी मात्र ही वर्गवारी नेमकी उलट बाजूने अनुभवली आहे, आणि ऊर्जेच्या स्थित्यंतरावर भाषण ऐकताना मला हटकून ती सारवलेली चूल आठवते.

कोळसा आणि आमचा मुलूख यांचे नाते तसे फार जुने आहे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. ज्या खडकांच्या थरांत इथला कोळसा सापडतो त्यांना भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवाना हे नाव दिले, आणि दक्षिण गोलार्धातले खंड जेव्हा एकत्र होते त्या प्राचीन महाखंडालाही पुढे तेच नाव पडले. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांनी जे ऊन पानांत साठवले, ते गाडले जाऊन दगड झाले. म्हणजे चंद्रपूरच्या बॉयलरमध्ये जळते तेही ऊनच, फक्त फार शिळे. वरोऱ्याला इंग्रजांनी १८७१ साली खाण सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला, आणि पस्तीस वर्षांनी, १९०६ साली, ती खाण बंद पडली. कोळशानंतर काय, हा प्रश्न आज जगभर मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. वरोऱ्याने तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. त्या वेळच्या खाणमजुरांचे पुढे काय झाले असेल, हे मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिले. कुणालाच काही आठवत नव्हते. त्यांच्या आज्यांनाही आठवले नसते.

आता नाल्यापलीकडच्या वावराकडे येतो. आमची शेती दोन तुकड्यांत आहे. नाल्याच्या अलीकडचे वावर बाबांचे, तिथे जुनी लाईन आहे. पलीकडचे चार एकर धाकट्या भावाकडे आले, पण तिथे खांबच पोचला नव्हता. त्याने वीजजोडणीसाठी डिमांड भरली आणि वाट पाहत बसला. तोवर डिझेल इंजिन हँडल मारून चालवायचे, आणि ते तासाला लिटरभर डिझेल पीत असे. शेवटी खांबाऐवजी त्याच्या वाट्याला सौर पंप आला. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची असते, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के, आणि जमीन किती आहे त्यावर तीन, पाच की साडेसात हॉर्सपॉवर ते ठरते. भावाला पाचचा मिळाला. प्लेटा बसल्या त्या दिवशी तो मला वावरात घेऊन गेला. सकाळचे नऊ वाजले होते आणि पाइपातून करंगळीएवढी धार येत होती. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "थांब ना दादा, आता त्यालेबी चहा पिऊ दे." अकरापर्यंत धार मनगटाएवढी झाली आणि चारनंतर पुन्हा बारीक होत गेली. आता तो धारेकडे पाहून वेळ सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

या नव्या यंत्राचे स्वतःचे नखरे आहेत आणि ते वापरणाऱ्यालाच कळतात. आम्हांला वाटे की विदर्भाच्या उन्हात प्लेटा नुसत्या धावतील. पण प्लेटेची क्षमता मोजतात ती तिचे स्वतःचे तापमान २५ अंश असताना, आणि त्यावर दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. आमच्याकडे मे महिन्यात हवाच ४६-४७ अंशांवर जाते, तेव्हा काळी प्लेट साठीच्या पुढे पोचलेली असते. त्यामुळे रखरखीत दुपारपेक्षा एखादा पाऊस पडून गेल्यावरची धुतलेली, थंड, निरभ्र सकाळ तिला जास्त मानवते. मेमध्ये वावरात पीकच नसते, हा भाग वेगळा. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीत येते. धुई म्हणजे धुके पडले की हरभऱ्याचा फुलोरा गळतो आणि प्लेटाही मुकाट बसून राहतात. ढगाळ आठवड्यात भाऊ बाबांच्या विहिरीवरून नाल्यावर पाइप टाकतो, आणि मग त्या रात्री सौर वावरातला हरभरा कोळशावर भिजतो. अलीकडच्या विहिरीने पलीकडच्याला मदत करण्याची ही पद्धत देशाच्या वीज व्यवस्थेतही सध्या अगदी अशीच चालू आहे, फक्त तिथे पाइपाऐवजी तारा आहेत.

दुसऱ्या वर्षी वादळात दोन प्लेटा उखडल्या आणि कंट्रोलर बंद पडला. पाच वर्षांची हमी कागदावर होती. ज्या कंपनीने पंप बसवला तिच्या क्रमांकावर फोन केला की तक्रार नोंदवली गेल्याचा संदेश तेवढा तत्परतेने येई. तीन महिने गेले आणि कपाशीचे एक पाणी चुकले. भाऊ तेव्हा जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखे नाही, परंतु त्यातले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले. लाईनमन प्यायलेला असला तरी गावात सापडत होता, असे तो म्हणाला. जुन्या व्यवस्थेत शिव्या द्यायला एक चेहरा होता. नव्या व्यवस्थेचे ऊन आमचे आहे, पण दुरुस्ती करणारा हात कुठल्या शहरात राहतो ते आम्हांला माहीत नाही. प्रत्येक तालुक्याला पाच-सहा शिकलेल्या पोरांना कंट्रोलर उघडून दुरुस्त करता आला असता, तर त्या कपाशीला पाणीही मिळाले असते आणि त्या पोरांना कामही. हे कुणाला सुचत नाही असे नाही. सुचून पुढे सरकत नाही.

आणखी एक काळजी आहे, ती मी भावाशी बोललो की तो विषय बदलतो. डिझेल विकत घ्यावे लागे तेव्हा इंजिन बंद करण्याची घाई असे. उन्हाला बिल नाही, म्हणून पंप सकाळी सुरू होतो तो सूर्य थकल्यावरच थांबतो. तिकडे अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरवर बोअर मारून भूजल इतके खाली गेले की तो भाग डार्क झोन म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथे हे विजेवरच घडले, सौर पंपाची वाट न पाहता. आमच्या नाल्याकाठच्या विहिरीचा तळ मार्चमध्ये दिसू लागला आहे, आणि फुकटची वीज त्या तळाशी काय करील याचा विचार योजनेच्या कुठल्याही अर्जात विचारलेला नाही.

ग्लासगोला २०२१ साली जागतिक हवामान परिषद भरली, तेव्हा अखेरच्या घटकेला एका क्रियापदावरून वाद झाला. कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने 'बंद करणे' असे मसुद्यात होते, ते भारताच्या आग्रहाने 'कमी करणे' असे झाले. भारताने कार्बनचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले तेही तिथेच. निवृत्त झालेल्या मामांना मी ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा ते सुपारी कातरत म्हणाले, "बंद करा नाही तं कमी करा, बाबू. कोळसा सरला का खाण आपोआपच बंद होते. मानसं कुठी जाते, थे कोणी लिवते का त्याच्यात?"

लिहिणारे लिहितात, पण आपल्यापासून दूर. जर्मनीने २०२० साली कायदा करून कोळशावरची वीज २०३८ पर्यंत थांबवायचे ठरवले, तेव्हा कोळशाच्या प्रदेशांना नवे उद्योग उभारण्यासाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद सोबत जोडली. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद केले. १८८२ साली लंडनमध्ये असे पहिले केंद्र त्यांनीच उभारले होते, म्हणजे त्यांना या प्रवासाला १४२ वर्षे मिळाली. आपल्याकडचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. २०२५ च्या मध्याला देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतील निम्मा वाटा सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. त्याच्या काही महिने आधीच संपलेल्या आर्थिक वर्षात देशातले कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले होते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, असे वर्गातल्या एका मुलीने विचारले. तिला मी गोठ्याचे उदाहरण दिले. दावणीला निम्म्या गाई आणि निम्म्या म्हशी असल्या, पण गाई दिवसातून एकाच वेळी दूध देत असतील आणि म्हशी दोन्ही वेळा, तर चरवीतले दूध जास्त करून म्हशीचेच असणार. अजूनही देशातल्या प्रत्यक्ष विजेपैकी दोन तृतीयांशाहून अधिक वीज कोळशावर होते, आणि सूर्य मावळल्यावर घराघरांत दिवे लागतात तेव्हा तर मुख्य मदार त्याच्यावरच असते. दुपारचे ऊन साठवून रात्रीला देणाऱ्या बॅटऱ्या पुरेशा स्वस्त होईपर्यंत चंद्रपूरचा तांबूस उजेड विझणार नाही.

मामांचा मुलगा खाणीतून कोळसा वाहणाऱ्या टिप्परवर ठेकेदाराकडे चालक आहे. वडिलांसारखी कायमची नोकरी त्याला मिळाली नाही, आणि खाण बंद झाली तर त्याच्या नावाने कुठलेही देणे निघणार नाही, कारण कागदावर तो खाणीचा कुणीच नाही. त्याच्यासारखे चालक, त्यांच्या टायरांचे पंक्चर काढणारे, नाक्यावर रात्रभर चहा-पोहे विकणाऱ्या बायका, हे सगळे कोळशावर जगतात. शेजारच्या गावात सौर प्रकल्प झाला तेव्हा तो काम मागायला गेला होता. तिथे प्लेटा पुसायला, गवत काढायला आणि राखण करायला मिळून माणसे लागतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती आधीच भरलेली होती. एका दिवाळीला तो मला मामांचे जुने वावर दाखवायला घेऊन गेला. खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर, त्याच्यावर लावलेली बाभळीची झाडे. "हे पाय दादा, याच्या बुडाशी आमची विहीर होती," असे सांगून त्याने डोंगराच्या पायथ्याशी एक जागा दाखवली. तिथे आता पावसाचे काळसर पाणी साचले होते.

शेतीच्या वाहिन्याच सौर विजेवर नेण्याची एक योजना राज्याने २०१७ मध्ये आणली. तिचे आरंभीचे प्रयोग राळेगणसिद्धीला आणि आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला झाले, आणि २०२३ पासून ती दुसऱ्या टप्प्यात मोठ्या प्रमाणावर राबवली जात आहे. उपकेंद्राजवळच्या जागेत सौर प्रकल्प, आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे वाहिनीला. मित्राने सांगितलेले गणित इथे बरोबर उलटे होते. पूर्वी मध्यरात्री वीज उरत असे म्हणून शेतकऱ्याला रात्री उठवले, आता भर दुपारी वीज उरू लागली आहे म्हणून त्याला दिवसा पाणी द्यायला सांगतात. दोन्ही वेळा त्याच्या सोयीचा विचार दुय्यमच होता, असे मला वाटते. या खेपेला मात्र योगायोगाने उरलेल्या विजेची वेळ आणि माणसाच्या जागे राहण्याची वेळ जुळली आहे, आणि बाबांना कारणाशी काही देणेघेणे नाही.

आमच्या फीडरवर गेल्या हंगामात दिवसाची लाईन आली. बाबांनी वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा गव्हाला सगळी पाणी उन्हात दिली. दुपारी माय डबा घेऊन गेली आणि धुऱ्यावर बसून, गव्हात पाणी कसे चढते ते पाहत राहिली. पन्नास वर्षांच्या संसारात तिने गव्हाला पाणी देताना बाबांना पाहिलेच नव्हते. आता रात्रीची झोप मिळेल म्हणून मी त्यांना नवी गादी घेऊन दिली.

ती गादी बहुधा रिकामीच असते. पाणी दिवसा दिले तरी डुकरे रात्रीच येतात आणि गहू ओंबीवर आला की त्यांना कळतेच, म्हणून बाबा अजून जागलीला जातात. आठ वाजता जेवून बॅटरी घेऊन निघतात. मचाणावर दुपट्टा गुंडाळून बसले की खाली झटका मशीनची टिक, टिक सुरू असते. मध्येच ती मंद झाली तर आदल्या दिवशी ढग होते हे आठवून बाबा उठतात आणि उजाडेपर्यंत डबा वाजवत धुऱ्याने फेऱ्या मारतात.